संयुक्त शाळा अनुदान अर्धंच आलं, वर्गखोली गळतेय. कोणत्या कामाचे पैसे कुठून मागायचे?

खटावकर_पालक

नमस्कार मंडळी. खटाव तालुक्यातली जिल्हा परिषदेची प्राथमिक शाळा, पहिली ते सातवी, यूडायसवर (शाळांची सरकारी ऑनलाइन नोंद) पट ८६. शाळा व्यवस्थापन समितीची बैठक पुढच्या आठवड्यात आहे, त्यात ठराव करायचेत. म्हणून नेमकं विचारतो.

पटाप्रमाणे संयुक्त शाळा अनुदान २५,००० बसतं. यंदा खर्चाची मर्यादा आली १२,५०० ची. वीजबिल महिन्याला सरासरी ९५०, म्हणजे वर्षाचे ११,४०० त्यातच गेले. खडू, छपाई, फिनेल, नळाच्या तोट्या, इंटरनेट हे सगळं उरलेल्या अकराशेत बसवायचं. शिवाय दोन मोठी दुखणी आहेत. पत्र्याच्या छताची एक खोली दोन पावसाळे गळतेय, तिथली मुलं व्हरांड्यात बसतात. मुलींच्या स्वच्छतागृहाची टाकी आहे, पण तिच्यात पाणी चढत नाही.

ग्रामपंचायतीला पत्र दिलं, तर सांगितलं की वित्त आयोगात शाळेला तरतूद नाही. गटशिक्षण कार्यालय म्हणतं प्रस्ताव द्या. दोन्हीकडे 'शाळेसाठी निधी मिळावा' असाच अर्ज दिला होता. आमचं काय चुकतंय?

हिशेबनीस

दादा, चूक अर्जाच्या विषयातच आहे. 'शाळेसाठी निधी' असं कुठलंच लेखाशीर्ष, म्हणजे सरकारी हिशेबातलं खर्चाचं सदर, नसतं. वीजबिल एका खिशातलं, छत दुसऱ्या, टाकी तिसऱ्या. तिन्ही एका अर्जात घातलं की प्रत्येक टेबल म्हणतं, हे आमचं नाही. आणि प्रत्येकाचं म्हणणं अर्ध्यापुरतं खरं असतं, म्हणून भांडूनही उपयोग होत नाही. तीन वेगळे ठराव, तीन वेगळे अर्ज करा.

आधी अनुदानाचं बघू. समग्र शिक्षा या केंद्र-राज्याच्या शालेय योजनेतलं संयुक्त अनुदान पटावर ठरतं: ३० पर्यंत १०,०००, ३१ ते १०० पर्यंत २५,०००, १०१ ते २५० पर्यंत ५०,०००, त्यापुढे १,००० पर्यंत ७५,००० आणि त्याहून मोठ्या शाळेला एक लाख. त्यातला किमान १० टक्के स्वच्छतेवर खर्च करायचा. केंद्र ६० आणि राज्य ४० टक्के देतं. यातला एखादा हप्ता लांबला की खाली शाळेला अर्धीच मर्यादा दिसते. त्यामुळे दुसरा हप्ता येणारच नाही असं समजू नका, आणि येईलच असं धरून उधारीही करू नका.

मर्यादा म्हणजे खात्यात आलेले पैसे नव्हेत, एवढं समितीतल्या प्रत्येकाला समजावून सांगा. एकल खाते पद्धतीत शाळेच्या खात्यावर शिल्लक शून्यच असते. तेवढ्या रकमेपर्यंत देयक काढायची परवानगी असते, आणि ३१ मार्चला न वापरलेली मर्यादा निघून जाते. दुसरा हप्ता फेब्रुवारी-मार्चमध्ये आला तर हातात पंधरा दिवस मिळतात. तेवढ्यात पुढच्या गोष्टी अडतात:

दुकानदाराची पीएफएमएसवर, म्हणजे सरकारी देयकांच्या पोर्टलवर, नोंदणी झालेली नसते. किंवा झालेली असते, पण बँकांच्या विलीनीकरणात आयएफएससी बदललेला असतो आणि देयक परत येतं. कधी मुख्याध्यापकांची बदली झालेली असते आणि चेकरचा (देयक मंजूर करणाऱ्याचा) मोबाइल क्रमांक जुनाच असतो, ओटीपी तिकडे जातो. कधी मेकरने (देयक भरणाऱ्याने) ते भरलेलं असतं, चेकरने मंजूर केलेलं नसतं, आणि दोघांनाही वाटतं काम झालं. देयक सूचनेची छापील प्रत काढल्यावर ती सह्यांसह मुदतीत बँकेत पोचवावी लागते. मुदत टळली की ती रद्द होते आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं.

म्हणून डिसेंबरातच चार-पाच ठरलेल्या दुकानदारांची नोंदणी करून घ्या: स्टेशनरी, इलेक्ट्रिक, प्लंबिंग, रंग, छपाई. प्रत्येकाला एक रुपयाचं का होईना, एक देयक काढून बघा. तीन दरपत्रकं आणि समितीचा खरेदीचा ठराव तयार ठेवा. मर्यादा दिसली की त्याच दिवशी देयक टाकता आलं पाहिजे.

आणि पटाची आकडेवारी. यूडायस प्लसवर आता नोंद विद्यार्थीनिहाय असते. दुसऱ्या शाळेतून आलेलं मूल तुमच्या हजेरीपटावर असतं, पण पोर्टलवर ड्रॉपबॉक्समध्येच, म्हणजे जुनी शाळा सोडलेल्या मुलांच्या यादीत, पडून राहतं. ते आयात करून घेतलं नाही तर तुमच्या पटात धरलं जात नाही. ८६ च्या शाळेला एका मुलाने फरक पडत नाही, पण ३० किंवा १०० च्या उंबरठ्यावरच्या शाळेला एका नोंदीत १५,००० किंवा २५,००० चा फटका बसतो. माण, जत भागात ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची मुलं दिवाळीनंतर नसतात. त्यांच्या नोंदी त्याआधीच पक्क्या करून घ्या.

पंचायत_वाळवा

ग्रामपंचायतीने दिलेलं उत्तर पुरं नाही. १५व्या वित्त आयोगात शाळेच्या नावाने वेगळी तरतूद नाही, हे खरं. पण शाळेतल्या कामाला मनाई आहे, असंही नाही.

महाराष्ट्रात या निधीचा ८० टक्के वाटा ग्रामपंचायतीला, १० टक्के पंचायत समितीला आणि १० टक्के जिल्हा परिषदेला असा ठरवला गेला. २०२१-२२ ते २०२५-२६ या काळासाठी त्यातला ६० टक्के बंधित आणि ४० टक्के अबंधित (ठरावीक कामाला न बांधलेला) होता. बंधित निधी पाणी आणि स्वच्छतेसाठी. तुमच्या स्वच्छतागृहाचं पाणी, हात धुण्याची जागा, छतावरच्या पावसाच्या पाण्याची साठवण ही सगळी कामं बंधितमध्ये बसतात. बहुतेक गावांत अबंधितवर ओढाताण असते आणि बंधित पडून असतो. म्हणून टाकीचं काम 'शाळा दुरुस्ती' म्हणून मागू नका. 'प्राथमिक शाळेतील मुलींच्या स्वच्छतागृहास पाणीपुरवठा जोडणी व साठवण टाकी' असं मागा. काम तेच, पण शीर्षक बदललं की बसायची जागा बदलते. अबंधितमधून पगार, मानधन, आस्थापना खर्च चालत नाही. कुंपण, फरशी, रंगकाम चालतं.

दुसरी अडचण तारखेची. काम ग्रामपंचायत विकास आराखड्यात नसेल तर सरपंचांना इच्छा असूनही करता येत नाही, कारण ई-ग्रामस्वराज या पंचायतींच्या पोर्टलवर त्या कामाचा क्रमांकच तयार होत नाही आणि देयक निघत नाही. आराखड्याची मोहीम २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून सुरू होते आणि जानेवारीच्या आसपास संपते. समितीचा ठराव सप्टेंबरात ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे आवक क्रमांकासह पोचला पाहिजे आणि ग्रामसभेच्या इतिवृत्तात कामाचं नाव जसंच्या तसं आलं पाहिजे. नुसतं 'शाळेच्या अडचणींवर चर्चा झाली' असं लिहिलं असेल तर तो ठराव नाही. वेळ निघून गेली असेल तर पुरवणी आराखड्याचा आग्रह धरा. पुढच्या आयोगाच्या काळातही आराखडा आणि ग्रामसभा चुकणार नाही, त्यामुळे ही सवय लावूनच घ्या.

त्याआधी एक खात्री करा. जलजीवन मिशनमध्ये शाळा-अंगणवाड्यांना नळ देण्याची खास मोहीम २ ऑक्टोबर २०२० पासून राबवली होती. तुमच्या शाळेला नळजोडणी झाल्याची नोंद कागदावर असू शकते. तसं असेल तर नवी जोडणी मंजूर होणार नाही. मग तो देखभालीचा विषय, आणि गावच्या नळयोजनेची देखभाल ग्रामपंचायतीची जबाबदारी. पाणी का चढत नाही ते आधी बघा. बहुतेक ठिकाणी दाब कमी असतो: नळाला पाणी येतं, पण दहा-बारा फूट उंचीच्या टाकीत चढत नाही. खाली ५०० लिटरची एक टाकी आणि अर्ध्या एचपीची मोटर एवढ्यावर काम भागतं. मोटरीला फ्लोट स्विच लावून घ्या, नाहीतर टाकी ओसंडून भिंत ओली राहते आणि कोरडी चालून मोटर जळते.

वीजबिलासाठी ग्रामपंचायतीच्या स्वनिधीकडे बघा. पवनचक्क्या असलेल्या पाटण, जत, कवठेमहांकाळ भागातल्या किंवा कारखान्यालगतच्या पंचायतींचं उत्पन्न बरं असतं. डोंगरातल्या छोट्या वाडीकडून तशी अपेक्षा धरू नका, तिची घरपट्टीच मुळात तुटपुंजी. स्वनिधीतला १० टक्के महिला व बालकल्याणाचा असतो, त्यातून मुलींच्या स्वच्छतागृहातली साधनं मागता येतात.

मोजमाप_पुस्तिका

छताचं बोलतो. पत्रा गळतो म्हणजे पत्राच गेला असं नसतं. आधी वर चढून नीट बघा, कारण दुरुस्ती कुठल्या निधीतून करायची ते तिथेच ठरतं.

लोखंडी पत्र्याला सगळ्यात आधी दगा देतो तो जे-हुकाखालचा (पत्रा पकडून ठेवणाऱ्या वाकड्या हुकाखालचा) डांबरी वायसर. पाच-सहा उन्हाळ्यांत तो तडकतो आणि पाणी हुकाच्या दांड्यावरून थेंबाथेंबाने खाली येतं. खाली बसलेल्याला वाटतं पत्र्याला भोक पडलंय. फरशीवरच्या थेंबांच्या खुणा एका रेषेत, ठरावीक अंतरावर असतील तर ती वासा-पर्लिनची (पत्र्याखालच्या आधाराच्या दांड्याची) ओळ समजा. मग नुसते हुक-वायसर बदलायचे. एका खोलीचं काम काही हजारांत होतं आणि संयुक्त अनुदानातून करता येतं. खुणा कुठेही विखुरलेल्या असतील, पत्र्याला आतून तांबूस पापुद्रे सुटलेले असतील, तर पत्रा बदलावाच लागतो. गळणाऱ्या पत्र्यावर डांबर ओतून कापड चिकटवतात, ते करू नका. त्याखाली पाणी साठून गंज वेगाने वाढतो आणि पुढे पत्रा उपयोगी राहत नाही.

पत्रा बदलताना मोजमाप असं धरा. खोली २० बाय २० फूट, चारी बाजूंनी दोन फूट पाखं, म्हणजे २४ बाय २४, ५७६ चौरस फूट. उतार आणि जोडाच्या चढावासाठी साधारण १५ टक्के वाढवा, म्हणजे ६६० चौरस फूट पत्रा. आडव्या जोडाला दीड नागमोडीचा चढाव, उभ्या जोडाला किमान १५० मिलिमीटर. पाटण, जावळी, महाबळेश्वरकडे पाऊस वाऱ्याबरोबर पश्चिमेकडून आडवा मारतो. तिथे पत्रे पूर्वेकडून चढवत यायचं, म्हणजे जोडाचं तोंड वाऱ्याला मिळत नाही. खटावात पाऊस कमी, पण वळवाचा वारा पत्रे उचलतो. तिकडे हुकांमधलं अंतर कमी ठेवा, कडेच्या ओळीला तर प्रत्येक दुसऱ्या नागमोडीला हुक घ्या.

मोठं काम असेल तर रस्ता जिल्हा नियोजन समितीचा, शाळा विशेष दुरुस्तीच्या शीर्षातून. पालकमंत्री अध्यक्ष, जिल्हाधिकारी सदस्य सचिव, पण गावाचं काम यादीत जातं ते गटशिक्षणाधिकारी ते शिक्षणाधिकारी या वाटेनेच. सोबत काय लागतं: समितीचा ठराव, ग्रामपंचायतीचा ठराव, तारखेसह फोटो, जागेचा सातबारा किंवा नमुना ८ चा उतारा, यूडायस क्रमांक, जिल्हा परिषदेच्या बांधकाम उपविभागाचं अंदाजपत्रक, आणि हेच काम दुसऱ्या योजनेतून घेतलेलं नसल्याचा दाखला. सर्वांत जास्त प्रस्ताव जागेच्या कागदावर मार खातात. पन्नास वर्षांपूर्वी कुणीतरी तोंडी दिलेली जागा असते, उताऱ्यावर आजही मूळ मालकाचं नाव. बक्षीसपत्राचं काम आत्ताच सुरू करा, त्याला महिने लागतात.

आता धोक्याचं. खोली दुरुस्तीच्या पलीकडे असेल, भिंतीला आरपार भेगा असतील, वासे कुजलेले असतील, तर दुरुस्ती मागू नका, निर्लेखन (खोली कागदोपत्री बाद करून पाडण्याची मंजुरी) मागा. समितीचा ठराव, उपअभियंत्यांचा पाहणी अहवाल आणि मूल्यांकन, मग जिल्हा परिषदेची मंजुरी, मग जुन्या साहित्याचा लिलाव. निर्लेखन न झालेली खोली यूडायसवर खोली म्हणूनच मोजली जाते. तुम्ही नवी मागायला जाता आणि उत्तर येतं, खोल्या पुरेशा आहेत. मुलं मात्र व्हरांड्यात. आणि निर्लेखनाचा कागद येईपर्यंत त्या खोलीला कुलूप लावा, सामान ठेवण्यासाठीसुद्धा वापरू नका. या एका बाबतीत कुणाचीही भीड ठेवू नये.

वेळेचं गणित: पुढच्या वर्षाच्या जिल्हा योजनेचं प्रारूप हिवाळ्यात बनतं, तेव्हा तालुक्याची यादी तयार असावी लागते. जिल्हा परिषदेला हा निधी खर्चायला पुढच्या आर्थिक वर्षाचा मार्च मिळतो. त्यामुळे कार्यारंभ आदेश एप्रिल-मेमध्ये हातात पडला तर ठेकेदाराला लगेच छत उघडू देऊ नका. मे अखेरीस उघडलेलं छत वळवात भिजतं आणि मग अख्खा पावसाळा शाळा ताडपत्रीखाली जातो. दिवाळीनंतर सुरू करा.

मीटर_रीडिंग

वीजबिलाबद्दल थोडक्यात. बिलावर दरवर्ग बघा. जिल्हा परिषद शाळेला 'एलटी ७ अ, सार्वजनिक सेवा, शासकीय' हा वर्ग लागतो. जुन्या जोडण्यांवर अजून व्यावसायिक वर्ग पडलेला सापडतो आणि त्याचा दर जास्त. वर्ग बदलायला मुख्याध्यापकांचा अर्ज, यूडायसचा कागद आणि अलीकडचं बिल महावितरणच्या उपविभागात द्या.

सौर संच कुणी देत असेल तर बॅटरीवाला घेऊ नका. बॅटरी चार-पाच वर्षांत जाते आणि बदलायला पैसे नसतात. नेट मीटरचा घ्या, म्हणजे जास्तीची वीज महावितरणकडे जाऊन बिलात वजा होते. एक किलोवॅटला साधारण दहा चौरस मीटर सावली नसलेली जागा लागते आणि महिन्याला १२० युनिटच्या आसपास वीज मिळते. मे महिन्यात शाळा बंद, तेव्हाचे युनिट जमा होतात. एक लक्षात ठेवा, लाइट गेली की हा संचही थांबतो. आणि गळक्या पत्र्यावर बसवू नका, आधी छत.

खटावकर_पालक

सगळ्यांचे मनापासून आभार. खुणा एका ओळीतच आहेत, म्हणजे वायसरचंच दिसतंय, उद्या वर चढून बघतो. आणखी एक: गावात काही जण म्हणतात लोकवर्गणी काढून एकदाचं सगळंच उरकून टाकू. पैसे शाळेने घेतले तर चालतं का? आणि सीएसआर, म्हणजे कंपन्यांचा सामाजिक कामाचा निधी?

येरळाकाठ_ताई

चालतं, पण पैसे समितीच्या खात्यात, अध्यक्ष आणि मुख्याध्यापक यांच्या संयुक्त सहीने, पावती पुस्तकावर. रोख एकाच्या खिशात राहता कामा नये, मग तो माणूस कितीही सज्जन असो. प्रवेशाशी देणगी जोडायची नाही, शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १३ ने त्याला बंदी आहे. मिळालेली प्रत्येक वस्तू जडसंग्रह (टिकाऊ वस्तूंच्या) नोंदवहीत चढवा.

माझं ठाम मत असं की लोकवर्गणीतून वीजबिल आणि स्वच्छतागृह करू नका. पक्की इमारत, मुला-मुलींची वेगळी स्वच्छतागृहं, पिण्याचं पाणी, मैदान, कुंपण या गोष्टी २००९ च्या कायद्याच्या परिशिष्टातच आहेत. त्या देणं शासनाचं आणि स्थानिक प्राधिकरणाचं काम आहे. गावाने एकदा त्या स्वतः केल्या की पुढच्या यादीत तुमची शाळा 'गरज नाही' म्हणून मागे पडते. गरीब वस्तीतल्या शाळेला तर वर्गणी मिळतच नाही, मग तिच्या मुलींनी काय करायचं? वर्गणी वाचनालय, खेळाचं साहित्य, प्रयोगाचं साहित्य यांवर लावा. कलम २२ खाली समितीने शाळा विकास आराखडा करायचाच असतो. त्यातच कोणतं काम शासनाचं आणि कोणतं गावाचं हे दोन रकान्यांत लिहा.

बैठक यात्रेच्या दिवसांत ठेवा. खानापूर, आटपाडीकडचे गलाई (सोनं-चांदी गाळण्याच्या) व्यवसायातले लोक आणि पाटण-जावळीचे मुंबईकर तेव्हाच गावात असतात. प्रत्येकाला मोघम रक्कम न सांगता वस्तू सांगा: एक कपाट, दहा बाक, पुस्तकांचा एक संच.

सीएसआर मागताना पैसे न मागता काम मागा. कंपनी कायद्याच्या कलम १३५ खाली पात्र कंपन्यांना नफ्याचे २ टक्के द्यावे लागतात, पण त्या शाळेच्या खात्यात सहसा पैसे टाकत नाहीत, काम करून देतात किंवा नोंदणीकृत संस्थेमार्फत करतात. शिक्षणाधिकाऱ्यांचं संमतिपत्र, अंदाजपत्रक, फोटो आणि 'देखभाल कोण करणार' याचं लेखी उत्तर एवढं तयार ठेवा. विद्यांजली पोर्टलवरही यूडायस क्रमांकाने शाळेची नोंद करून लागणाऱ्या वस्तू टाकता येतात. देखभालीच्या मुद्द्यावर विचार करून उत्तर द्या. पाणी शुद्धीकरण यंत्र मिळतं, पण त्याची फिल्टर आणि मेंब्रेन बदलायला पैसे कुठून येणार हे कुणी विचारत नाही, आणि दीड वर्षात ते यंत्र कोपऱ्यात पडतं. देणाऱ्याकडून तीन वर्षांचा देखभाल करार लिहून घ्या, नाहीतर त्याऐवजी झाकणाची स्टीलची टाकी आणि चार तोट्या मागा.

हिशेबनीस

ताईंच्या दोन रकान्यांच्या मुद्द्यात एक भर. जिल्हा परिषदेच्या स्वतःच्या उत्पन्नात, म्हणजे सेसमध्ये, स्थानिक उपकर, मुद्रांक शुल्कातला वाटा, ठेवींचं व्याज असतं. रक्कम मोठी नसते, पण छोट्या तातडीच्या कामाला उपयोगी पडते. मार्चमधल्या अंदाजपत्रकाआधी, जानेवारीतच शिक्षण विभागाला मागणी गेली पाहिजे.

आणि दादा, बैठकीत करायच्या ठरावांचा मसुदा असा ठेवा. पहिला: वर्गखोली क्रमांक घालून, हुक व वायसर बदलणे, संयुक्त अनुदानातून, दरपत्रकं सोबत. दुसरा: मुलींच्या स्वच्छतागृहास पाणी, बंधित निधीतून, ग्रामसभेपुढे ठेवण्याची विनंती. तिसरा: वीज दरवर्ग तपासणी. चौथा, पत्रा खराब निघाला तरच: विशेष दुरुस्तीचा प्रस्ताव. प्रत्येक ठरावावर सूचक-अनुमोदकांची नावं, उपस्थितांच्या सह्या, आणि हजर सदस्यांत पालक किती ते लिहा. समितीत ७५ टक्के पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात, सह्यांत त्या दिसल्या नाहीत तर ठराव त्याच कारणाने परत येतो.